मोरचुदाच्या पाण्यातले तोडे

आमच्या घरात कुणी कुणावर विश्वास ठेवायचा नाही, ही रीतच होती. त्यात राग किंवा भांडण काही नव्हतं. दूधवाल्याच्या दुधात बोट बुडवून बघायचं, भाजीवालीने दिलेली मेथीची जुडी सोडून मधे काडीकचरा नाही ना ते पाहायचं, पाहुण्याने आणलेले पेढे आधी स्वतः एक खाऊन मग देवापुढे ठेवायचे. आई म्हणायची, देवाला फसवलेलं चालत नाही, म्हणून आपण आधी फसून बघायचं. मी पण त्याच घराची लेक. आज साठी उलटून गेली, तरी रिक्षात बसले की मीटरकडे आणि ड्रायव्हरच्या मानेकडे आळीपाळीने बघत असते.

आमचं घर दिंडोरी रोडला, दुकानाच्या मागे. पुढे अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शेतीच्या औषधांचं दुकान, मधे एक लांबट अंधारी खोली, मागे स्वयंपाकघर आणि मोरी, वर दोन खोल्या. त्या मधल्या खोलीत सगळं असायचं: गहू-तांदळाच्या कोठ्या, लग्नाकार्याची भांडी, आईचं लोखंडी कपाट आणि दुकानात न मावणारा माल. द्राक्षवाल्यांच्या छाटणीचे दिवस जवळ आले की गंधकाची पोती थेट कपाटाला टेकून रचली जायची. आम्हाला त्या वासाचं काही वाटेनासं झालं होतं. शाळेत माझ्या शेजारी बसणारी मुलगी म्हणायची, तुझ्या दप्तराला काडेपेटीचा वास येतो. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घराला येत असेल.

अण्णा तर संशयाच्या बाबतीत आईच्याही वरचढ. गंधकाचं नवं पोतं आलं की त्यातलं चिमूटभर चमच्यात घेऊन जाळायचे. निळी ज्योत लागायची, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि चमच्यात मागे पांढरी माती उरली की पोतं आल्या पावली परत. पण त्यांचा लाडका प्रयोग होता तो बोर्डोचा. मोरचूद, म्हणजे तांब्यापासून केलेले निळे खडे, आणि चुना पाण्यात कालवून शेतकरी द्राक्षांवर फवारतात, त्याला बोर्डो म्हणतात. मोरचूद जास्त झालं की पानं जळतात. तर अण्णा दुकानासमोर बादलीत थोडं मिश्रण करून दाखवायचे आणि त्यात स्वच्छ घासलेली लोखंडी सुरी बुडवायचे. जरा वेळाने बाहेर काढली आणि पात्यावर तांबूस लाली दिसली की म्हणायचे, "लाल चढली. कच्चं हे. अजून चुना टाक." सुरी पांढरीची पांढरी निघाली की मिश्रण पास. खेड्यावरून आलेले बागवाले कौतुकाने बघायचे, आणि लहानपणापासून मीही. त्या सुरीला सगळं कळतं, अशी माझी पक्की समजूत होती.

दादाचं लग्न झालं आणि सिंधूवहिनी कळवणहून आमच्या घरात आल्या. माझ्याहून तीनच वर्षांनी मोठ्या, पण दादाची बायको म्हणून मी त्यांना अहो-जाहो करायचे. पहिल्या महिन्यातच त्यांनी एकदा मला स्वयंपाकघरात धरून सांगितलं, मला ए म्हण, नाहीतर मी तुला अहो म्हणेन. तेव्हापासून ती 'ए वहिनी' झाली. बोलताना ती फार जपून बोलायची. तिच्या माहेरी अहिराणीचं वळण, आणि आमच्या आईने पहिल्याच दिवशी 'काय म्हणालीस?' असं दोनदा विचारलं होतं. हाताला मात्र चव होती. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा तिने केला की अण्णा एक भाकरी जास्त खायचे, आणि आई म्हणायची, तिखटाने भूक लागल्यासारखं वाटतं, खरी भूक नसते ती.

तिच्या पायात चांदीचे तोडे होते, चांगले जाडजूड, कडेला बारीक घुंगरं. तिच्या आईने आपल्या पायातले जुने वाळे मोडून ते घडवून घेतले होते. वहिनी चालली की घरभर आवाज. आईला तो आवाज आवडायचा, पण तिच्या पद्धतीने. पोळ्या लाटता लाटता ती कानोसा घ्यायची: आता जिन्यावर आहे, आता मोरीत आहे, आता दुकानाच्या दाराशी उभी राहिली, तिथे काय काम आहे हिचं? आषाढात वहिनीच्या घोट्याला चिखल्यांसारखं काहीतरी झालं आणि तिने तोडे काढून ठेवले. ठेवायचे कुठे, तर आईच्या कपाटात, ज्याची किल्ली आईच्या कमरेला. घर एकदम गप्प झालं, आणि आईला चैन पडेना. सून कुठे आहे हेच कळत नाही, म्हणून ती उगाच हाका मारत बसायची.

दिवाळीत लक्ष्मीपूजनासाठी कपाट उघडलं आणि तोडे बाहेर काढले, तेव्हा ते काळे पडले होते. नुसते मळकट नाहीत, काळेकुट्ट, तव्याच्या बुडासारखे. आईने ते हातात घेतले, खालीवर केले, देवघरातली चांदीची वाटी शेजारी धरली. वाटी लखलखीत होती. ती वाटी रोज चिंच लावून घासली जाते, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आईने तोडे फडक्यात गुंडाळून परत आत ठेवले आणि पूजा झाली. प्रसादाच्या वेळी आई मला हळूच म्हणाली की चांदी अशी कधी होत नाही, आत काहीतरी भलतंच आहे.

त्यानंतरचे आठ दिवस मला आजही आठवायला नको वाटतात. कुणी काही बोलत नव्हतं आणि सगळे सगळं बोलत होते. आईचं म्हणणं, कळवणच्या लोकांनी वर चांदीचं पाणी दिलेले तोडे गळ्यात मारले. म्हणजे पायात मारले. ती एवढ्यावर थांबली नाही. तिखट ठेचा, जपून बोलणं, दुकानाच्या दाराशी उभं राहणं, सगळ्याची तिने एक माळ ओवली. आणि इकडे वहिनीच्या मनात दुसरंच शिजत होतं. एकदा धुणं वाळत घालताना तिने मला अगदी सहज विचारलं की कपाटाची किल्ली आईंच्या कमरेची कधी सुटते का, कधी कुणाला देतात का. मला त्याचा अर्थ पोचायला वेळ लागला. तिला वाटत होतं, तिचे खरे तोडे आम्ही बदलले. दादा दोघींच्या मधे. आईसमोर आईच्या बोलण्यावर मान डोलवायचा आणि वर खोलीत गेला की बायकोच्या.

आता कुणीही म्हणेल, सोनाराकडे न्यायचे होते, एका मिनिटात निकाल लागला असता. पण आमचा सोनार अण्णांच्या नात्यातला, आणि त्याच्या दुकानात बोललेलं पहिल्या एसटीने कळवणला पोचलं असतं. सुनेच्या माहेरची चांदी तपासायला नेली, एवढी एकच गोष्ट सोयरीक मोडायला पुरे. म्हणून आईने माझ्याकडे पाहिलं. मी अकरावीला, सायन्सला. आमच्या घरात सायन्सला गेलेली पहिली. आई म्हणाली, "तुला कळतं ना त्यातलं? मग तूच बघ."

मला कळत होतं, असं मला वाटत होतं. हिशेब माझा सरळ होता. मोरचुदाच्या पाण्यात लोखंड बुडवलं की लाल चढते. चांदीला चढत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तेव्हा तोड्यावर कानशीने जरासं घासून आतला धातू उघडा करायचा आणि बुडवायचा. लाल चढली तर आत लोखंड किंवा तसलंच काहीतरी खोटं, नाही चढली तर चांदी खरी. दुपारी दुकान बंद असताना मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर काचेची बरणी ठेवली, तिच्यात मोरचूद विरघळवलं. निळंशार सुंदर पाणी झालं. तोडा जड होता, दोरा तुटेल म्हणून मी द्राक्षाच्या मांडवाची लोखंडी तार घेतली, चांगले दोन-तीन वेढे दिले, पिळून घट्ट केली, आणि तोडा काठीला बांधून बरणीत सोडला. आई शेजारी उभी. वहिनीला कुणी बोलावलं नव्हतं, पण कानशीच्या आवाजाने ती दारात येऊन उभी राहिली होती. कानस तिच्या आईच्या चांदीवर चालत होती आणि ती बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

थोड्या वेळाने तोडा बाहेर काढला, आणि तो लाल झाला होता. घासलेल्या जागेपुरताच नाही, वेढ्यांच्या आजूबाजूला चांगला बोटभर पसरलेला, नव्या तांब्याच्या पैशासारखा लाल. मी पाहत राहिले. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. माझा प्रयोग जमला, याचा आनंद. आई म्हणाली की हातच्या कांकणाला आरसा कशाला, आणि पदर खोचून चुलीकडे वळली.

वहिनी आत आली. तिने बरणीतलं पाणी पाहिलं, माझ्या हातातला तोडा पाहिला. इतके महिने जपून धरलेली जीभ सुटली आणि ती तिच्या माहेरच्या बोलीत म्हणाली, "ती मनी मायनी चांदी शे." माझ्या आईची चांदी आहे ती, एवढंच. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन सीबीएस स्टँडवर गेली आणि कळवणच्या एसटीत बसली. दादा तिला स्टँडपर्यंत सोडायला गेला आणि एकटा परत आला. जाताना तिने तोडे नेले नाहीत. आईने विचारलं तेव्हा म्हणाली होती, खोटे आहेत ना, मग राहू द्या इथेच.

घर पुन्हा गप्प झालं, पण आता ती शांतता वेगळी होती. दादा जेवताना मान वर करत नव्हता. कळवणहून पत्र नाही, निरोप नाही. आई स्वतःशीच म्हणायची की चोरी पकडली गेली म्हणून तोंड दाखवत नाहीत. अण्णा दुकानात बसून असायचे आणि बागवाल्यांना सुरी दाखवायचे. मला त्या सुरीकडे बघवेना, का ते मला कळत नव्हतं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि कॉलेज सुरू झालं. रसायनाच्या मॅडमनी व्हॅलन्स इलेक्ट्रॉनचा धडा घेतला, मराठी पुस्तकात ज्याला संयुजा इलेक्ट्रॉन म्हणतात तो. मॅडम बारीक, खणखणीत आवाजाच्या, हातात डस्टर घेऊन फिरत शिकवायच्या. त्या म्हणाल्या, अणूच्या पोटात कितीही इलेक्ट्रॉन असू देत, ते कुणाच्या अध्यात ना मध्यात. जगाशी जो काही व्यवहार होतो तो सगळ्यात बाहेरच्या कवचातल्या दोन-चार जणांचा. सोडियम आपला एक देऊन मोकळा होतो, क्लोरीन तो घेऊन तृप्त होतो, आणि त्यातून आपल्या जेवणातलं मीठ होतं. कार्बन देत नाही, घेत नाही, शेजाऱ्याशी वाटून वापरतो. आणि धातूंची तर वेगळीच तऱ्हा. तिथे बाहेरचे इलेक्ट्रॉन कुणा एका अणूचे राहतच नाहीत, सगळ्या तुकड्याचे सामाईक होतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडतात. म्हणून तर तारेतून वीज जाते. लोखंड आपले दोन सहज सोडून देतं, मोरचुदातलं तांबं ते घ्यायला टपलेलंच असतं. चांदी मात्र आपला एकुलता एक मुठीत आवळून बसते.

मी वहीत लिहीत होते आणि 'सामाईक' या शब्दावर माझा हात थांबला. तुकडा जर तुकड्याला घट्ट लागलेला असेल, तर? मी उभी राहिले आणि विचारलं की चांदीला लोखंडाची तार गुंडाळून मोरचुदात बुडवली तर काय होईल.

मॅडमनी डस्टर टेबलावर ठेवलं. "चांदीवरसुद्धा तांबं बसेल," त्या म्हणाल्या. "इलेक्ट्रॉन लोखंडाचे, पण तारेतून चांदीवर येऊन ते बाहेर पडणार. चांदीने काहीच केलेलं नसेल, तरी डाग तिच्याच अंगावर दिसेल."

वर्ग हसला, कारण मी उभीच होते. बसायचं राहून गेलं होतं. तास संपल्यावर मी मॅडमना स्टाफरूममध्ये गाठलं आणि चांदी काळी का पडते तेही विचारलं. त्यांनी विचारलं, घरात गंधक आहे का? मी म्हटलं, पोत्यांनी आहे.  मग त्यांनी समजावलं की चांदी कितीही मूठ आवळून बसली तरी गंधकापुढे तिचं चालत नाही, चार महिने त्याच्या शेजारी कोंडून ठेवली तर ती काळी होणारच, आणि जितकी खरी तितकी काळी. तो काळेपणा घालवायचा उपायही त्यांनीच सांगितला.

घरी येऊन मी आधी कुणाला काही बोलले नाही. संशयी घरातली मुलगी मी, मॅडमवर तरी एकदम विश्वास कसा ठेवणार? आईकडून किल्ली मागितली, तिने कशाला म्हणून विचारलं, मी सांगितलं की परत बघायचं आहे. पुन्हा तीच बरणी, तेच निळं पाणी. दुसरा तोडा, ज्याला मी हात लावला नव्हता, तो आधी कानशीने घासला, मग गोधडीच्या जाड दोऱ्याने बांधला आणि सोडला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. काहीच नाही. घासलेली जागा पांढरीशुभ्र. मग त्याच पाण्यात मांडवाच्या तारेचं एक टोक तोड्याला नुसतं टेकवलं, आणि बघता बघता चांदीवर लाली सरकायला लागली. आई माझ्या खांद्यावरून पाहत होती. तिला मी सगळं सांगितलं, तारेचं, गंधकाचं, बाहेरच्या इलेक्ट्रॉनचं. तिला किती कळलं माहीत नाही. ती म्हणाली, "म्हणजे तू बांधलेल्या तारेने झालं?" मी हो म्हटलं. ती तिथेच फतकल मारून खाली बसली.

अण्णांना मात्र लगेच उमजलं. ते उठले आणि गंधकाची पोती एकेक करून दुकानात नेऊन टाकू लागले, दादाही लागला. मी अॅल्युमिनियमच्या पातेल्यात कढत पाणी घेतलं, त्यात खायचा सोडा टाकला आणि तोडे पातेल्याच्या बुडाला टेकतील असे ठेवले. अॅल्युमिनियम आपले बाहेरचे तीन द्यायला एका पायावर तयार असतं. सडक्या अंड्यासारखा वास सुटला, आणि काळेपणा उतरत उतरत चांदी वर आली. लाल डाग मी राखेने घासून काढले. कानशीच्या दोन खुणा मात्र राहिल्या, त्या कशानेच जाणाऱ्या नव्हत्या.

आता प्रश्न होता, कळवणला जायचं कुणी. रीतीने आईने जायला हवं होतं, निदान अण्णांनी. आई म्हणाली, जिने तार बांधली तिने जावं. मला तेव्हा तिचा फार राग आला होता. आज वाटतं, तिचं बरोबर होतं, फक्त अर्धंच बरोबर होतं.

दादा आणि मी एसटीने निघालो. वणी मागे पडलं, देवीचा गड उजवीकडे राहिला, आणि सगळा रस्ता मी मांडीवरच्या डब्यातले तोडे धरून पाठ केलेलं मनात घोळवत होते. वहिनीच्या घरी तिच्या आईने पाणी दिलं. मोकळ्या पायांनी वहिनी आत-बाहेर करत होती आणि मला तिच्या पायांकडे बघायचं धैर्य होत नव्हतं. मी डबा उघडला, तोडे ओसरीवर ठेवले, आणि जे झालं ते सगळं सांगितलं. चांदी खरी आहे, चूक माझी आहे, कानशीच्या खुणा माझ्या आहेत. वहिनीच्या आईने एक तोडा उचलला, खुणेवरून अंगठा फिरवला आणि परत ठेवला.

वहिनी भिंतीला टेकून ऐकत होती. माझं संपल्यावर तिने विचारलं, "आणि ते खोटे निघाले असते, तर आली असतीस का तू?"

हे मी पाठ केलं नव्हतं. दादा घाईघाईने म्हणाला की आली असती, का नसती आली. मी त्याच्याकडे पाहिलं, वहिनीच्या आईकडे पाहिलं. मला हो म्हणता आलं असतं. तिथे बसलेल्या सगळ्यांना तेच हवं होतं, मलाही.

"नसते आले," मी म्हटलं.

 बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. मग वहिनी म्हणाली, "तुमच्या घरातलं हे पहिलं बोलणं, जे मला तपासून बघावंसं वाटत नाही." ती खाली बसली आणि तोडे पायात चढवले. तिच्या आईने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

संध्याकाळी आम्ही घरी पोचलो. आई स्वयंपाकघरात होती आणि तिने तोड्यांचा आवाज तिथूनच ओळखला असणार, पण ती बाहेर आली नाही. वहिनी आत गेली, तेव्हा आईने कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली होती, जिथे बरणी होती तिथेच. माफ कर वगैरे आमच्या आईच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नाही. वहिनीने किल्ली उचलली. मला वाटलं, आता ही कमरेला लावणार, आणि लावली असती तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण तिने ती नेऊन स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला अडकवली, कुणाचाही हात पोचेल अशी.

पुढे मी रसायनशास्त्रच शिकवलं, तीस वर्षं. व्हॅलन्स इलेक्ट्रॉनच्या तासाला तार गुंडाळलेली चांदीची कडी दरवर्षी मोरचुदात बुडवायचे आणि मुलांना विचारायचे, लाल कोण झालं आणि कुणामुळे झालं. कडी माझी स्वतःची होती. आई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, अण्णाही गेले, दुकान दादाचा मुलगा चालवतो. वहिनी पासष्टीची झाली, पण तोडे रोज घालते, म्हणून ते कधी काळे पडत नाहीत. मी महिन्यातून एकदा तिकडे जाते, ती भाकरी टाकते, मी गप्पा मारते. पण आत शिरले की चप्पल काढायच्या आधी माझी नजर दारामागे जाते, अजूनही. किल्ली तिथे असते.